डाख पक्का बसावा म्हणून

बडोदे शहराच्या दक्षिणेस, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी, तरसाली आहे. एके काळचे हे वेशीबाहेरचे गाव आज शहरात पुरते मिसळून गेले आहे. येथील सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'आयटीआय', आणि मकरपुऱ्याचे कारखाने यांमुळे या भागातील कित्येक घरांत हत्यारे-अवजारे ही पुस्तकांइतकीच ओळखीची असतात. कुणी विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, कुणी रेडिओ उघडून बसतो, तर कुणाची कन्या अभियांत्रिकीच्या वर्गासाठी जेवणाच्या टेबलावर सर्किट जुळवीत असते. अशा घरांत आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच. सोल्डरिंगचे साधे आयर्न दोन-तीनशे रुपयांत मिळते. उष्णता नियंत्रित करणारे चिनी बनावटीचे 'स्टेशन' दोन ते चार हजारांत येते. आणि नावाजलेल्या परदेशी कंपनीचे स्टेशन घ्यावयाचे म्हटले, तर दहा हजारांच्या पुढे किती, याला सुमार नाही. वितळवायचे ते कथीलच, मग भावात इतकी तफावत का? वडिलांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि 'महाग ते चांगले' किंवा 'सगळी सारखीच' अशा दोन शब्दांत त्याची बोळवण करता येत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. दोन धातूंचे तुकडे तिसऱ्या, लवकर वितळणाऱ्या धातूने सांधणे याला आपल्या भाषेत 'डाख देणे' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्या मंडळींना कदाचित 'रेण' हा गुजराती शब्दच अधिक जवळचा वाटेल. शब्द कोणताही असो, काम जुने आहे. पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी दारात पाहिलेला असेल. भांडे तापवायचे, नवसागराने त्याचा मळ काढायचा आणि मग कथलाचा हात फिरवायचा, हा त्याचा क्रम. रेडिओच्या पाटीवर डाख देणारा तंत्रज्ञ तत्त्वतः तेच करतो. फरक इतकाच की त्याचे भांडे तांदळाच्या दाण्याएवढे असते.

हुन्नराची जुनी वाट

बडोद्यात हाताच्या कामाला प्रतिष्ठा मिळाली ती आजकालची नव्हे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1890 साली येथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे सोपविली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन त्यात सामावले गेले आणि आजची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी विद्याशाखा त्याच वास्तूत नांदते. शिकलेल्या माणसाने हाताने काम करण्यात कमीपणा मानू नये, हा विचार या नगरीत तेव्हापासून रुजलेला आहे. तरसालीच्या आयटीआयमध्ये जाणारा विद्यार्थी त्याच वाटेवरचा प्रवासी होय. म्हणूनच त्याच्या हातात कोणते अवजार द्यावे, हा विचार घरच्यांनी डोळसपणे करावा.

डाख बसतो म्हणजे काय होते?

इलेक्ट्रॉनिक कामातील नेहमीचा डाख हा कथील व शिसे यांचा मिश्रधातू असतो. शंभरात 63 भाग कथील व 37 भाग शिसे असे प्रमाण ठेवले, की तो बरोबर 183 अंश सेल्सिअसला एकदम वितळतो व थंड होताच एकदम गोठतो. 60 व 40 या प्रमाणातही तो वितळू लागतो 183 अंशांनाच. पण पूर्ण द्रव होण्यास आणखी काही अंश लागतात, आणि त्या मधल्या, लगद्यासारख्या अवस्थेत सांधा हलला तर तो कच्चा राहतो. शिसेविरहित डाख सुमारे 217 ते 220 अंशांना वितळतो. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालातील शिशावर निर्बंध घातल्यापासून कारखान्यांत याचाच वापर वाढला आहे.

आयर्नचे टोक मात्र साधारण 320 ते 350 अंशांवर ठेवावे लागते, कारण सांध्याला टेकताच तारेत आणि तांब्याच्या पट्टीत उष्णता पळून जाते. उत्तम सांधा दोन-तीन सेकंदांत पुरा व्हावा. टोक थंड पडले तर कारागीर ते जास्त वेळ दाबून धरतो. टोक फार तापले तर डाखातील राळ जळते, पाटीवरची तांब्याची पट्टी उचकटते आणि नाजूक सुटे भाग कामातून जातात. तेव्हा खरे मोल आहे ते टोकाचे तापमान हवे तेथे टिकवून धरण्याचे, आणि स्वस्त-महागातील पुष्कळसा फरक येथेच सामावला आहे.

साधे आयर्न: बिचारे पण प्रामाणिक

25 वॉटचे साधे आयर्न, आपल्याकडे वर्षानुवर्षे खपत आलेल्या सोल्ड्रॉनसारखे, म्हणजे एक तापणारी तार, एक टोक आणि एक मूठ. प्लग लावला की ते तापू लागते आणि कुणी थांबवीपर्यंत तापत राहते. काम नसताना टोक भलतेच तापते. जाड तारेला टेकवले की निवते. शिवाय विजेच्या दाबातील चढउताराचा त्यावर थेट परिणाम होतो. तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे 230 व्होल्टवर 25 वॉट देणारे आयर्न 200 व्होल्टवर जेमतेम 19 वॉट देते, तर 250 व्होल्टवर साडेएकोणतीसच्या घरात जाते. संध्याकाळी वीज मंद झाली आणि मुलाचा डाख बसेना, तर दोष त्याच्या हाताचा असेलच असे नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण खरी. पण कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते, हेही वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

असे असले तरी तार जोडणे, खेळण्यातील सुटलेला सांधा बसविणे, मोठ्या अंतरांच्या पाटीवर सुटे भाग लावणे, ही कामे या आयर्नने उत्तम होतात. महिन्यातून दोन-चारदा हातात धरणाऱ्याला त्यापुढे जाण्याचे कारण नाही. याचा एक गुण असा की ते माणसाला घाई न करता, टोक स्वच्छ ठेवून काम करावयास शिकवते.

स्टेशन स्वस्त कसे होते?

स्टेशनमध्ये विजेचा पेटारा वेगळा असतो आणि हातातील आयर्न वेगळे. पेटाऱ्यातील रोहित्र बहुधा 24 व्होल्टच्या आसपासची सुरक्षित वीज आयर्नला पुरविते. टोकाजवळ एक संवेदक बसविलेला असतो. तो तापमान कळवितो आणि नियंत्रक त्याप्रमाणे वीज कमीजास्त करतो. यामुळे 60 वॉटचे स्टेशन 25 वॉटच्या आयर्नपेक्षा 'जास्त तापते' असे नव्हे. ते गमावलेली उष्णता लवकर भरून काढते. वॉट म्हणजे बँकेतील शिल्लक समजावी. गरज पडेल तेवढीच काढली जाते.

जपानच्या हक्को कंपनीचे 936 हे स्टेशन जगभर इतके मान्य झाले, की चीनमधील अनेक कारखान्यांनी त्याच्या धर्तीवर आपापली स्टेशने काढली. हक्कोने 936 बनविणे थांबवून पुढची मॉडेले आणली, तरी त्याच्या नकला आजही बाजारात धडाक्याने खपतात. त्यांची टोके एकमेकांस बसतात, ही ग्राहकाची मोठी सोय. परंतु भाव उतरविण्यासाठी काटकसर कुठे केली जाते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली काटकसर टोकात. उत्तम टोक आतून तांब्याचे असते, कारण तांबे उष्णता झटकन वाहून नेते. पण वितळलेले कथील तांब्याला हळूहळू खाऊन टाकते. म्हणून त्यावर लोखंडाचा पातळ थर चढविलेला असतो. हा थर म्हणजे टोकाचे आयुष्य. नकली टोकात तो फार पातळ असतो आणि थोड्याच दिवसांत टोकाला खळगा पडतो. पूर्वीची उघड्या तांब्याची टोके कानशीने घासून नवी करता येत. लोखंड चढविलेल्या टोकाला कानस लावणे म्हणजे त्याचा प्राण घेणे होय.

दुसरी काटकसर मापनात. या धाटणीच्या आयर्नमध्ये संवेदक टोकाच्या आत पोकळीत असतो आणि टोक त्यावर टोपीसारखे बसते. मधे हवेची फट राहिली की पेटाऱ्यावर 350 दिसते आणि टोकाला त्याहून बरेच कमी असते. तिसरी काटकसर दोर, मूठ आणि आतील जोडणीत. दोर कडक असला की नाजूक कामात मनगट अवघडते. रंग दिलेल्या पत्र्यावर अर्थची तार नुसती स्क्रूने आवळली असेल, तर रंगामुळे तिचा संपर्कच होत नाही. हा शेवटचा दोष सर्वांत घातक.

महागात काय मिळते?

जर्मनीतील अर्न्स्ट झाक्स यांनी 1921 साली विजेवर चालणारे औद्योगिक आयर्न सिद्ध केले आणि त्यांच्या नावावरून एर्सा ही कंपनी ओळखली जाऊ लागली. अमेरिकेतील वेलर, स्पेनमधील जेबीसी, जपानमधील हक्को ही या व्यवसायातील इतर मोठी घराणी. वेलरची एक युक्ती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्यांच्या 'मॅग्नास्टॅट' आयर्नमध्ये टोकाच्या मागे विशिष्ट मिश्रधातूचा तुकडा असतो. ठराविक तापमानास त्याचे चुंबकत्व नाहीसे होते, चुंबकाची पकड सुटते आणि वीज बंद पडते. तो निवला की पुन्हा पकड बसते. टोकावरचा 7 हा आकडा म्हणजे 700 अंश फॅरनहाइट, सुमारे 370 सेल्सिअस. ना संगणक, ना काटा. निसर्गाच्या नियमालाच पहारेकरी नेमले आहे.

आजच्या उंची स्टेशनांत टोक, तापणारा भाग आणि संवेदक एकाच नळीत बसवितात. मधली फट नाहीशी झाल्यामुळे टोक काही सेकंदांत तापते आणि मोठ्या सांध्यावरही फारसे निवत नाही. आयर्न खोबणीत ठेवताच तापमान आपोआप उतरते, त्यामुळे टोक टिकते. मूठ लहान व थंड, दोर मऊ. शिवाय सुटे भाग वर्षानुवर्षे मिळतात. रोज सहा-आठ तास काम करणाऱ्याला हे सुख चैनीचे नाही. त्याच्या मनगटाचा आणि रोजीचा तो प्रश्न आहे. मोबाईलच्या पाट्या दुरुस्त करणारा किंवा अनेक पदरी पाटीवर जाड तांब्याशी झुंजणारा कारागीर अशा यंत्राची किंमत काही महिन्यांत वसूल करू शकतो.

पण छंद म्हणून रविवारी दोन तास बसणाऱ्याला? त्याला महाग यंत्राने सांधा अधिक सुबक येईल असे नाही. तो अधिक सहज येईल, इतकेच. याच नळीच्या धाटणीची स्वस्त चिनी स्टेशनेही आता मिळू लागली आहेत आणि हक्कोच्या टी-12 जातीची टोके त्यांत बसतात. दोन टोकांमधली दरी त्यामुळे पुष्कळ अरुंद झाली आहे.

पैशाहून मोलाचे

भावाच्या वादात ज्या गोष्टींकडे दुर्लक्ष होते त्या तीन.

पहिली अर्थिंग. जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग असतो, पण त्याच्या तिसऱ्या भोकामागे तार असेलच याची खात्री नसते. अर्थ नसलेल्या साध्या आयर्नच्या टोकाला वीज झिरपते. त्याने नाजूक मॉसफेट व आयसी निकामी होतात, आणि दोष अधिक असल्यास माणसाचा जीवही धोक्यात येतो. लॅपटॉपसारख्या दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या आयर्नला हात लावला असता झिणझिण्या येतात, त्याचेही कारण हेच की त्याचे टोक जमिनीशी जोडलेले नसते. स्टेशन कितीही महाग असले तरी घरची अर्थ मेलेली असेल तर त्याचा हा गुण वाया जातो. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून घरची अर्थ तपासून घ्यावी.

दुसरी शिसे. साडेतीनशे अंशांवर शिशाची वाफ होत नाही. ते उकळते 1749 अंशांना. भीती आहे ती हाताची. डाखाची तार चिमटीत धरलेले बोट तोंडात गेले, की शिसे पोटात जाते. शिशाची अशी कोणतीही मात्रा नाही, जी निर्धोक म्हणता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. लहान मुले व गर्भवती यांना तर ते विशेष बाधक. तेव्हा जेवणाच्या टेबलावर डाखकाम करू नये, तार दातांत धरू नये, आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत. नियम साधा आहे, पण आईने तो सोवळ्याच्या कडकपणाने पाळून घ्यावा. बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी शिसेविरहित तार आणावी. काम जरा कठीण जाईल, टोकही लवकर झिजेल, पण मन निर्धास्त राहील.

तिसरी धूर. वर जाणारा धूर शिशाचा नसून राळेचा असतो. तो सतत छातीत गेल्यास दमा जडू शकतो. खिडकी उघडी ठेवून, लहान पंखा धूर ओढून घेईल अशा बेताने लावला, म्हणजे झाले.

येथेच एक सावधगिरी. कल्हईचा नवसागर किंवा पत्र्याच्या कामाचे आम्ल मिसळलेले मलम पाटीवर कदापि वापरू नये. भांडे धुऊन टाकता येते. पाटीवरचे आम्ल मागे राहून तांबे कुरतडते आणि सहा महिन्यांनी यंत्र बंद पडते. पाटीसाठी राळ असलेली तार व राळेचेच फ्लक्स हवे.

दुकानात आणि घरी करावयाच्या परीक्षा

मल्टिमीटर असेल तर यंत्राचा प्लग भिंतीतून काढून, त्याची जाड पिन आणि आयर्नचे टोक यांमधील रोध मोजावा. स्टेशनच्या बाबतीत तो जवळजवळ शून्य, फार तर एक-दोन ओहम असावा. मीटर काहीच दाखवीत नसेल तर टोकाला अर्थ नाही. ते यंत्र परत करावे. (काही यंत्रांत टोक मुद्दाम मोठ्या रोधातून जोडलेले असते, तसे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले हवे.)

काट्याचा खरेखोटेपणा पाहण्यास शिसेविरहित डाखाची तार कामी येते. स्टेशन 200 अंशांवर ठेवले असता ती वितळता कामा नये. काटा हळूहळू चढवीत 240 च्या आत ती वितळली पाहिजे. 280 झाले तरी ती अंग सोडीत नसेल, तर काटा खोटे बोलतो. त्यानंतर जाड तांब्याच्या तारेचे दोन तुकडे सांधून पाहावेत. टोक चिकटून बसले तर शक्ती अपुरी आहे. शेवटी अर्धा तास आयर्न चालू ठेवून मुठीला हात लावावा. ती चटका देत असेल, तर उन्हाळ्यात तिच्याशी जमणार नाही.

कुणी काय घ्यावे?

नुकतेच शिकू लागलेल्याने चांगल्या नावाचे 25 वॉटचे, तीन पिनांचे साधे आयर्न घ्यावे आणि त्यासोबत भक्कम स्टँड. आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. ज्याचा हात त्यात बसला, जो आठवड्यातून दोन-तीन दिवस काम करतो, त्याला मधल्या भावाचे स्टेशन द्यावे. हाती पाच हजार असतील तर सगळे यंत्रावर उधळू नयेत. निम्मे स्टेशनवर, चौथा हिस्सा दोन-तीन अस्सल टोके, 63-37 ची उत्तम तार आणि फ्लक्स यांवर, उरलेला मल्टिमीटर, डाख शोषणारी तांब्याची वेणी आणि टोक पुसण्याची पितळी लोकर यांवर खर्चावा. स्वस्त स्टेशनला अस्सल टोक लावले की त्याचे अर्धे दारिद्र्य तेथेच संपते. उलट दहा हजारांच्या स्टेशनवर भेसळीची तार वापरली तर सांधा भिकारच येतो.

आणि ज्याने दुरुस्तीवरच संसार उभा करावयाचे ठरविले आहे, त्याला घरच्यांनी महाग यंत्रासाठी नाही म्हणू नये. कर्ज काढून सोफा घेणाऱ्या घराने मुलाच्या अवजारापाशी हात आखडावा, हे शोभत नाही. पहिल्या वर्षी मात्र मधल्या यंत्रावर काम करून, ग्राहक जोडून, मग त्याच कमाईतून मोठे यंत्र घेतले तर त्याची किंमत त्यालाही कळते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण अंथरूण वाढविण्याचे साधन पायाशी असेल, तर ते लाथाडू नये.

यंत्र कोणतेही घ्या, एक सवय मात्र लावून घ्या. काम संपल्यावर टोक पुसून कोरडे ठेवू नये; त्यावर ताज्या डाखाचा थेंब चढवावा आणि मगच वीज बंद करावी. टोकाची ही कल्हई त्याला हवेपासून वाचविते. पुढच्या वेळी टोक चकाकत उठते आणि डाख पाण्यासारखा पसरतो. तिला पैसा लागत नाही, आणि ती नसेल तर दोनशे रुपयांचे आयर्न असो वा वीस हजारांचे स्टेशन, दोन्ही सारख्याच वेगाने निकामी होतात.